दिवाळी अंकांतून आरपार

मार्चमधल्या एका सकाळी माझी बायको गेली. तिने चहा केला, कपांत ओतला आणि टेबलापाशी बसली. मी बाहेरून वर्तमानपत्र घेऊन आलो. ती बसलेली होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदय थांबलं.

याला आता दीड वर्ष झालं. भेटायला येणारी माणसं तिचा विषय निघाला की आवाज खाली आणतात आणि मीही त्यांच्या सोयीसाठी मान खाली घालतो. खरं तर तिची आठवण आली की मला बहुतेक वेळा हसू येतं. हे लोकांना सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. एक परिच्छेद झाला की उठून खिडकीपाशी जातो. पण आमच्या गराजमधल्या त्या उन्हाळ्यापर्यंत येऊन पोचलो की उठावंसं वाटत नाही.

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. तिची नोकरी मोटारींच्या टकरींची होती. गाडी भिंतीवर आपटायची आणि काय किती आत शिरलं ते मोजायचं, हे तिने आयुष्यभर केलं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करत असे. ती नागपूरची, मटण खाणारी. मी पुण्याचा, शाकाहारी. आमच्या स्वयंपाकघरात कढया वेगळ्या होत्या आणि गॅस एकच होता, आणि इतक्या वर्षांत त्यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. भांडणं व्हायची ती वरणात गूळ घालण्यावरून.

एका संध्याकाळी घरी येताना आमच्या पुढच्या गाडीखाली हरीण आलं. मिशिगनमध्ये हे नेहमीचं आहे. पण ते हरीण मेलं नाही. रस्त्याकडेच्या गवतात मान वर करून पडून राहिलं, पोलीस येईपर्यंत. बराच वेळ लागला. आम्ही दोघं गाडीत बसून होतो. जायला वाट होती, पण ती म्हणाली, "थांब." त्यानंतर काही दिवसांनी जेवताना तिने ताटातला तुकडा उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

"मी हे इतकी वर्षं खातेय," ती म्हणाली, "आणि हे कसं मरतं ते मला माहीत नाही. आता एक तर मला खाणं सोडायला पाहिजे, नाहीतर हे नीट करायला शिकायला पाहिजे."

"सोडणं सोपं आहे," मी म्हणालो.

"तुला सोपं आहे. तू कधी धरलंच नाहीस."

गावाबाहेर एक क्लब आहे, तिथं लाकडी धनुष्य शिकवतात. ती तिकडे जायला लागली. बाकीचे शिकारी चाकं आणि तारा लावलेली आधुनिक धनुष्यं वापरतात. त्यांत दोरी ओढून धरली की ताण निम्म्यावर येतो, नेमाला भिंग असतं, बाण गोळीसारखा सुटतो. तिने एकदा ते हातात घेतलं आणि परत केलं. म्हणाली, हे तर ऑफिस झालं. तिला हिकरीच्या लाकडाच्या एका अखंड पट्टीचं साधं धनुष्य आवडलं. दोरी चढवली की ते जेमतेम वाकायचं आणि उतरवली की पुन्हा काठी होऊन कोपऱ्यात उभं राहायचं. पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी त्याला खरंच पडद्याची काठी समजलो होतो.

अडचण तिच्या खांद्याची होती. तो काही वर्षांपूर्वी आखडला होता आणि पुरता सुटला नव्हता. चाळीस पौंडांच्या वर ताण घ्यायचा नाही, असं फिजिओथेरपीवालीने बजावलं होतं. चाळीस पौंड म्हणजे हरणासाठी काठावरचं काम. आमचे शेजारी निवृत्त दंतवैद्य आहेत, चाकांच्या धनुष्याने दरवर्षी शिकार करतात. ते तिला बॉस म्हणत. कुंपणापाशी उभे राहून ते म्हणाले, "बॉस, एवढ्याशा लाकडाने तू हरणाला काय गुदगुल्या करणार आहेस?"

"तुम्ही दाढा कशा काढायचात? जोर लावून की नीट धरून?"

"दोन्ही."

"म्हणून तर आम्ही दुसऱ्या डेंटिस्टकडे जायचो."

ते मोठ्याने हसले. दंतवैद्य थट्टा करत असले तरी मुद्दा खरा होता. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाऊन पलीकडे निघाला, तर हरीण काही क्षणांत पडतं. दोन्ही बाजूंनी रक्त पडतं, त्यामुळे ते सापडतंही. बाण आतच अडकला, तर ते जखम घेऊन लांब पळतं आणि कुठेतरी सावकाश मरतं. रस्त्याकडेला पाहिलं होतं तेच पुन्हा, आणि या वेळी तिच्या हातून. तिने ठरवून टाकलं. बाण आरपार जाईल अशी स्वतःची खात्री पटली तरच ऑक्टोबरात रानात जायचं. नाहीतर धनुष्य परत करायचं आणि मटणही बंद.

"दोन्ही?" मी विचारलं.

"दोन्ही. तुझी एक कढई वाढेल."

मग तिने चाचण्या सुरू केल्या. दुकानातलं फोमचं लक्ष्य तिला पटेना. त्यात कुठलाही बाण सारखाच घुसतो, मोजायला काही उरत नाही. तिला थर हवे होते. एका रविवारी ती गराजमध्ये कमरेवर हात ठेवून माझ्या खोक्यांकडे बघत उभी असलेली मला दिसली. त्या खोक्यांत माझे दिवाळी अंक होते. पुण्याहून दरवर्षी मागवलेले, वर्षांच्या क्रमाने लावलेले.

"अरे, हे सगळे तू वाचलेस ना?"

"वाचलेत."

"अगदी सगळे?"

"राशिभविष्य सोडून."

"मग बाणाला भविष्यापासूनच सुरू करू दे."

मी दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, निवड मी करणार. तिने ते लगेच मान्य केलं, आणि इथं तिची चूक झाली. कारण मी तांदळाच्या गोणीवर बसून कुठला अंक द्यायचा ते ठरवण्यासाठी अंक चाळायला लागलो, आणि चाळता चाळता वाचायला लागलो. ती दोरी चढवून उभी, आणि मी एका दीर्घकथेच्या शेवटच्या दोन पानांत.

"ग्रंथपाल महाराज, नायिका मरते की नाही ते सांगा आणि अंक आणा इकडं."

"जगते. पण लग्न करत नाही."

"शहाणी आहे. आणा."

अंकांची चळत नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधायची, गराजच्या टोकाला मांडायची, मागे तांदळाच्या गोण्या लावायच्या आणि तिने दुसऱ्या टोकावरून बाण मारायचा, असा आमचा रिवाज पडला. बाण जिथं थांबेल तिथलं पान मी वाचून दाखवायचं. सेंटिमीटरची पट्टी तिच्या खिशात असायची, पण तिला पानांतच गंमत वाटायला लागली होती. अग्रलेख लगेच पार व्हायचा. कथा बऱ्यापैकी. कवितांच्या पानांत मात्र बाण हमखास थांबायचा.

"कवितांचा कागद जाड असतो का रे?"

"नाही. तिथं सगळेच थांबतात."

शिकागोत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला तिने फोनवर सांगितलं, "आज पहिला अंक पूर्ण झाला, दुसऱ्याच्या पाककृतींपर्यंत पोचले." मुलीला वाटलं, आई मराठी वाचायला लागली. मग खरं कळल्यावर ती ओरडली, "वेट, यू आर शूटिंग बाबाज मॅगझीन्स?"

"वाचून झालेत गं ते."

"दॅट इज सो नॉट ओके, आई." थोडं थांबून ती म्हणाली, "कॅन आय कम अँड ट्राय?"

तिच्याकडे दोन तऱ्हेचे बाण होते. एक बारीक काडीचा, हलका, टोकाला निमुळतं छोटं पातं. दुसरा ॲशच्या लाकडाच्या जाड काडीचा, पुढे दोन धारांचं रुंद, वजनदार पोलादी पातं. हलका बाण सपकन जायचा, जड बाण जरा दमाने. आणि दिवाळी अंकांत प्रत्येक वेळी हलकाच जास्त आत शिरायचा. हलका कवितांपर्यंत, तर जड मुलाखतींतच गुंतलेला. जुलैअखेर तिने हलक्यांची मागणी नोंदवायला घेतली होती. पण तिचं मन मानत नव्हतं. ऑफिसात एखादी चाचणी इतकी सरळ निघाली की ती आधी यंत्र तपासायची.

बाण उपसायचं काम दोघांचं असे. मी अंकांवर पाय ठेवायचा, तिने ओढायचं. एकदा तिने जड बाण उपसला आणि पटकन हात झटकला.

"गरम आहे."

"काय गरम आहे?"

"काडी." तिने ती माझ्या गालाला लावली. खरोखर कोमट होती. ती काडीकडे बघत राहिली आणि मग घरात गेली. परत आली ती माझ्या तुपाची बरणी घेऊन.

"हे कशाला?"

"कागद काडीला धरून ठेवतोय. जाड काडीला जास्त धरतो. आपण बाण कुठं मोजतोय, आपण कागदाची पकड मोजतोय. हरणाच्या आत कागद असतो का? तिथं ओलं असतं, बुळबुळीत असतं."

"मग तेल घे! परवाच कढवलंय ते तूप. साजूक आहे."

"म्हणून तर. काटकसर कशाला करायची?"

आणि तिने माझ्यादेखत बोटभर तूप काढून जड बाणाच्या काडीला अगदी पिसांपर्यंत चोळलं, जसं बाळाला चोळावं तसं. मी पाठ फिरवून उभा राहिलो. दोरीचा आवाज झाला, मग एक धप्प झालं, आणि मग बारीक सरसर ऐकू यायला लागली. वळून पाहिलं तर अंकांच्या चळतीत बाण नव्हता. चळतीला पुढून भोक होतं, मागूनही भोक होतं, आणि मागच्या गोणीतून बासमतीची धार जमिनीवर लागली होती. हलक्या बाणाला तूप लावलं तर तो थोडाच पुढे सरकला.

ती खाली बसली, तांदळात, आणि इतकी हसली की तिला उचकी लागली. मीही हसायला लागलो. आवाज ऐकून दंतवैद्य आले. त्यांनी आधी हवेत वास घेतला, मग बरणी पाहिली, मग तुपकट बाण पाहिला.

"बॉस, याला असा वास येत असेल तर हरीणच काय, अख्खं रान जेवायला येईल."

पण तिला एवढ्यावर पटणार नव्हतं. कागदाला बरगड्या नसतात. पुढच्या शनिवारी तिने हलाल मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या बरगड्यांची अख्खी बाजू आणली. दुकानदार तुकडे करायला सुरी उचलणार तोच ती म्हणाली, "भैया, काटना मत, मैं घर पे तीर मारूंगी." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बरगड्या गराजच्या छताला टांगल्या. हलका बाण हाडावर बसला आणि तिथंच थरथरत राहिला. उपसल्यावर त्याचं टोक वाकलेलं निघालं. जड बाणाने बरगडी कापली आणि तो पलीकडच्या अंकांत जाऊन रुतला. त्या दिवशी संध्याकाळी तिने त्याच बरगड्यांचा सावजी रस्सा केला. मसाला मी भाजला. तो मीच भाजायचो. खसखस तिच्या हातून नेहमी करपायची.

उन्हाळ्याचे राहिलेले आठवडे बाण सरळ उडवण्यात गेले. बाण शेपूट हलवत गेला की त्याचा जोर त्या हलण्यातच जिरतो आणि आत शिरायला काही उरत नाही, हे तिने मला माझ्याच फोनवर हळू केलेल्या चित्रणात दाखवलं. काडी किती ताठ हवी, पातं किती जड हवं, यांची तिने जोडी जमवली. पाती घासायचं काम तिने हट्टाने स्वतःकडे ठेवलं होतं. धार आली की नाही ते ती हातावरचे केस काढून पाहायची. सप्टेंबरात तिचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता आणि मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी तिला विचारलं, "कुठल्या पार्लरला जातेस गं?"

ऑक्टोबरात आम्ही रानात गेलो. दंतवैद्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं ते रान. मक्याच्या शेतामागे उतार, खाली ओढा, आडवं पडलेलं एक मोठं झाड. तिने त्या झाडामागे छोटं स्टूल मांडलं. मी शेजारी बसायचो, हातात पुस्तक. मला तिने एकच नियम घातला होता: पान उलटायचं नाही. आवाज होतो. त्यामुळे एकेका सकाळी मी दोनच पानं वाचली, पुन्हा पुन्हा. इतक्या नीट मी आयुष्यात काही वाचलेलं नाही.

पहिल्यांदा जे हरीण आलं ते समोर तोंड करून उभं राहिलं. तिने धनुष्य उचललंच नाही. छातीचं हाड मध्ये येतं. दुसऱ्यांदा एक आलं ते फार लांब होतं. परतताना गाडीत ती गुणगुणत होती. मला वाटलं होतं, हिरमुसेल.

मग एका सकाळी उतारावरून एक हरिणी आली. ओढ्याकडे निघाली होती, मध्येच वाकून ओकची फळं वेचत होती. जवळ आली, आडवी उभी राहिली. पुढचा पाय तिने टाकला, म्हणजे खांद्याचं हाड पुढे गेलं आणि बरगड्या उघड्या झाल्या. हे सगळं मला बायकोने गराजमध्ये माझ्यावरच दाखवलं होतं, मला ओणवा उभा करून. धनुष्य वर जाताना मी पाहिलं. त्यानंतर उशीवर थाप मारावी तसा आवाज झाला, आणि पाचोळ्यात पावलं.

"लागला का रे?" ती कुजबुजली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मी डोळे मिटले होते."

"बाप्पा! एवढ्यासाठी तुला इथं आणलं?"

लगेच उठायचं नसतं. हरीण पडलं असेल तर ते पडलेलंच राहतं, आणि पडलं नसेल तर माग काढल्याने आणखी पळतं. आम्ही बसून राहिलो. तिने माझा हात धरला होता आणि माझं पुस्तक पाचोळ्यात पडलं होतं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. दोन्हीकडे रक्त, की एकीकडे? बाण पलीकडे निघाला, की आत घेऊन हरिणी कुठे पळाली?

शेवटी ती उठली. जिथं हरिणी उभी होती तिथं गेली, वाकली. उजवीकडच्या नेच्यांवर थेंब होते. ती आणखी दोन पावलं गेली आणि तिने डावीकडच्या पानांवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून हाताची बोटं दाखवली. लाल होती.

"दोन्हीकडे," ती म्हणाली. "अरे, दोन्हीकडे!"

हरिणी पलीकडच्या बीचच्या झाडाखाली होती. आवाज दिला असता तर तिथवर ऐकू गेला असता, इतकी जवळ. कुशीवर, मान खाली टाकून, डोळे उघडे. बायको तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, आधी हात जोडले आणि मग तिच्या मानेवर तळहात ठेवून राहिली. ती रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्हींपैकी कशाचीही तिला लाज वाटत नव्हती.

दंतवैद्य मदतीला आले. त्यांनी एका बरगडीवरची बारीक फट पाहिली, मग दुसऱ्या बाजूची, आणि टोपी काढली. "बॉस, गुदगुल्या झाल्या खऱ्या," असं म्हणून ते पुन्हा टोपी घालून कामाला लागले.

बाण मात्र मिळेना. तो हरिणीतून निघून पुढे उतारावर कुठेतरी गेला होता. आम्ही दुपारपर्यंत पाचोळा चिवडला. ती काठीने, मी हाताने, दंतवैद्य पायाने. मला वाईट वाटत होतं. त्या काडीवर तिने मन लावून काम केलं होतं. तिला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

"नाही सापडत म्हणजे किती पार गेला ते बघ!" ती म्हणाली. पुढे वर्षभर तिने हे येईल त्याला सांगितलं.

त्या दिवाळीत आमच्याकडे मंडळी जेवायला होती. मुलगी शिकागोहून आली, येताना तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून मिठाई घेऊन. हरणाचा सावजी रस्सा पाहून एक काका म्हणाले, "वहिनी, गोळी वगैरे येणार नाही ना दाताखाली?" "गोळी नाही," मुलगी मराठीत म्हणाली, "पण कविता येईल." तिने आयुष्यात मराठीत केलेला तो पहिला विनोद. बायकोने तिला तिथंच मिठी मारली. मी माझ्या कढईतलं भरलं वांगं घेऊन बसलो होतो. बायकोने माझ्या पोळीवर चमचाभर रस्सा ओतला, नुसता रस्सा. मी खाल्ला. मसाला चांगला भाजला गेला होता.

तिला रानातले आणखी दोन ऑक्टोबर मिळाले. त्यांत तिने आणखी एक हरीण मारलं आणि कितीतरी जाऊ दिली. त्या हरणातून गेलेला बाण पलीकडच्या मातीत उभा सापडला, आणि तिला जरा रुखरुख लागली. तेवढा लांब नाही गेला, म्हणाली.

या ऑक्टोबरात दंतवैद्य माझ्या दारात आले आणि म्हणाले, "चल, नुसते बसू." आम्ही बसलो. त्यांनी धनुष्य आणलं नव्हतं. मी पुस्तक नेलं होतं आणि पान उलटलं नाही. उन्हं आल्यावर आम्ही उतारावर तिचा तो बाण थोडा शोधला, सवयीने. पाचोळ्याचे नवे थर पडलेत; खालची पानं माती झालीत.

तिचे बाकीचे बाण घरी आहेत. तो एक रानात आहे.